प्रेझेंटेशनची धडधड आणि चार बर्नरची शेगडी

आमच्या कंपनीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू असतो. पुण्याजवळ चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणारे कितीतरी कारखाने आहेत, त्यातला आमचा एक. गेल्या वर्षी क्वालिटीतल्या एका मुलाने या रिव्ह्यूत ३८ स्लाइड दाखवल्या. विषय साधा होता. एक ब्रॅकेट मशिनवर कधीकधी उलटं बसतं, उलटं बसलं की भोक भलत्याच जागी पडतं, आणि महिन्याला चारेकशे नग भंगारात जातात. ब्रॅकेट उलटं बसूच शकणार नाही असं फिक्स्चर, म्हणजे मशिनवर नग पकडून ठेवणारी चौकट, करून घ्यायचं, खर्च साडेतीन लाख. ही मागणी चौतिसाव्या स्लाइडवर होती. विसाव्या स्लाइडला प्लँट हेड उठले, "बाकीचं मेल करून ठेवा" म्हणाले आणि पुढच्या मीटिंगला गेले.

मुलगा हुशार आहे. आदल्याच दिवशी लाइनवर, हातात ते ब्रॅकेट धरून, त्याने मला हा सगळा प्रकार चार मिनिटांत समजावला होता. कॉन्फरन्स रूममध्ये मात्र त्याचा आवाज निम्मा झाला आणि 'बेसिकली' हा शब्द तेवीस वेळा आला. (मी मोजत बसलो होतो. सवय वाईट आहे.) शॉपफ्लोअर ते कॉन्फरन्स रूम हे अंतर जेमतेम पन्नास पावलांचं. तेवढ्यात माणूस बदलतो कसा?

हा प्रश्न हल्ली जास्तच टोचायला लागलाय. स्लाइड बनवायचं काम आता एआय चहा गार व्हायच्या आत करून देतं. पूर्वी रात्र जागून केलेल्या रंगीत आलेखांना निदान 'मेहनत घेतली हो' एवढे मार्क मिळायचे, तेही गेले. उरलं ते उभं राहून बोलणं. हिंजवडीतलं ऑफिस असो की भोसरीतलं वर्कशॉप, अप्रेझलच्या वेळी तेच मोजलं जातं.

मराठीत या गुणाला नेमका शब्द आहे: सभाधीट. आपली गडबड होते ती अशी, की धीट म्हणजे ज्याला भीती वाटत नाही तो, असं आपण धरून चालतो.

शरीरात नेमकं काय होतं?

रात्री उशिरा गल्लीतली कुत्री तुमच्या स्कूटरमागे लागली आहेत असं समजा. तुम्ही विचार करत बसत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात सोडतात. हृदय जोरात पळायला लागतं, रक्त स्नायूंकडे वळतं, तळव्यांना घाम येतो. पचनाचं काम मंदावतं आणि त्याबरोबर लाळही आटते, म्हणून घसा कोरडा. श्वास उथळ होतो, गळ्याचे स्नायू ताणले जातात, त्यामुळे आवाज चढतो आणि वाक्याच्या शेवटाला हवाच पुरत नाही.

आता बारा माणसं एकाच वेळी टक लावून तुमच्याकडे पाहताहेत. मेंदूच्या जुन्या भागाला पॉवरपॉइंट ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की कळप आपल्याकडे बघतोय. तो तीच घंटा वाजवतो.

ही अतिशयोक्ती नाही. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसावर खात्रीने ताण आणायची एक पद्धत बसवली. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग निर्विकार चेहऱ्याने बसलेल्या समितीसमोर पाच मिनिटं भाषण करायला लावायचं आणि वर पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या. ताणाची रसायनं इतकी भरवशाने वाढतात की ही चाचणी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. म्हणजे शास्त्रज्ञांना माणूस घाबरवायचा होता, तेव्हा त्यांनी साप आणला नाही. त्यांनी मंथली रिव्ह्यू भरवला.

मग ऐनवेळी डोकं का चालत नाही?

हातातल्या कामापुरत्या गोष्टी मन ज्या जागेत धरून ठेवतं, तिला कार्यस्मृती म्हणतात. ही जागा फार लहान असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने तिथे साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं होतं. पुढे, २००१ मध्ये, नेल्सन कोवानने अभ्यास तपासून तो आकडा चारच्या आसपास आणला. घरातली चार बर्नरची शेगडी डोळ्यापुढे आणा. पाचवं पातेलं ठेवायला जागाच नाही.

लाइनवर बोलताना आमच्या त्या मुलाच्या चारही बर्नरवर विषयच शिजत होता. कॉन्फरन्स रूममध्ये एका बर्नरवर 'माझा आवाज हलतोय का' हे चढलं. दुसऱ्यावर मराठीतला विचार इंग्रजीत करायचं काम. तिसऱ्यावर 'पुढची स्लाइड कोणती होती'. विषयाला एक बर्नर उरला, तोही मंद. 'बेसिकली' म्हणजे रिकाम्या पातेल्याचा आवाज.

तेव्हा आत्मविश्वास आणायचा म्हणजे काय करायचं, तर बर्नर मोकळे करायचे. पुढचं सगळं एवढ्यासाठीच.

पण माझी भीती सगळ्यांना दिसते ना?

मला तर वाटायचं, ती भिंतीवर दिसते. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनला मी हौसेने लेझर पॉइंटर नेला होता. लाल ठिपका आलेखावर ठेवला आणि तो तिथे थांबेना. रेघेवर ठेवला की खाली, खाली आणला की मथळ्यावर. हिशेब सोपा आहे. पाच मीटरवरच्या भिंतीवर हात एका अंशाने हलला तरी ठिपका जवळजवळ नऊ सेंटिमीटर सरकतो. एरवी कोणाच्या नजरेसही न पडणारी थरथर मी स्वतःच्या खर्चाने मोठी करून दाखवत होतो. हातात सुटा कागद धरला तरी हेच होतं. कागद फडफडतो. पुठ्ठ्याचं पॅड घ्या, नाहीतर हात टेबलावर टेकवा. पॉइंटर घरी ठेवा.

ही अशी भिंगं हातात नसतील, तर तुमची भीती तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूपच कमी दिसते. आपल्या मनातलं सगळं चेहऱ्यावर उमटलंय असं वाटणं, याला मानसशास्त्रात पारदर्शकतेचा भास म्हणतात. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी फक्त एवढंच समजावून सांगितलं, की तुमची घबराट समोरच्यांना तुमच्या अंदाजाएवढी दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. त्यांना स्वतःला तसं वाटलंच, पण ऐकणाऱ्यांनीही तसे गुण दिले. कारण उघड आहे. 'दिसतंय का, दिसतंय का' हे पातेलं उतरलं आणि एक बर्नर मोकळा झाला.

भीती घालवायची कशी?

घालवू नका. धडधडणाऱ्या हृदयाला 'शांत हो' म्हणणं म्हणजे घाटात पूर्ण वेगाने उतरणारी गाडी रिव्हर्सला टाकणं. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी लोकांना भाषणाआधी मोठ्याने एक वाक्य म्हणायला लावलं. काहींनी 'मी शांत आहे' म्हटलं, काहींनी 'मला हुरूप आलाय' या अर्थाचं. दुसऱ्या गटाचं बोलणं ऐकणाऱ्यांना जास्त पटलं. भीती आणि हुरूप, दोन्हीत शरीर तेच करतं. फक्त पाटी बदलायची असते.

पुण्यात हे समजावणं सोपं आहे. ढोलपथकात वाजवलेल्या कोणालाही विचारा. मिरवणुकीत पहिला ठोका पडायच्या आधी, कमरेला ढोल बांधून रांगेत उभं असताना छातीत काय होतं? अगदी हेच होतं, आणि तिथून कोणी पळत नाही. 'मी उत्साही आहे' हे वाक्य मराठीत आरशासमोर म्हटलं की हसू येतं, म्हणून मी पोरांना 'चला, होऊन जाऊ द्या' एवढंच म्हणायला सांगतो. काम भागतं.

श्वासाचं म्हणाल तर तो खोल घेण्यापेक्षा सावकाश सोडण्यात फायदा आहे. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. नाव पुकारल्यावर जागेवरून उठण्याआधी चार-पाच वेळा लांब सोडा. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा. सगळ्यात वाईट असतं ते पहिलं मिनिट, नंतर धडधड आपसूक उतरायला लागते. त्यामुळे खरा प्रश्न त्या एका मिनिटाचा आहे.

सगळं पाठ केलं तर?

कॉलेजात असताना मी पुरुषोत्तम करंडकाला एकदा रंगमंचावर आणि दोनदा विंगेत होतो. महाराष्ट्रीय कलोपासकांची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' चालू असताना पडदा उघडतो, तेव्हा नटाला पहिलं वाक्य आठवून म्हणावं लागत नाही. ते तोंडातूनच येतं. पंचवीस दिवसांच्या तालमीत ते जिभेवर बसलेलं असतं.

ऑफिसात पंचवीस दिवस मिळत नाहीत आणि सगळं पाठ करण्यात धोकाही आहे. मध्येच कोणी "एक मिनिट" म्हटलं की पाठांतराची गाडी रुळावरून उतरते आणि परत स्टेशनपासून सुरू करावी लागते. म्हणून पाठ करायची ती सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक. अक्षरशः पाठ, उठताबसता म्हणता येतील इतकी. पहिलं वाईट मिनिट ती ओढून नेतात. मधल्या भागाचे फक्त टप्पे लक्षात ठेवायचे.

आणि तालीम म्हणजे उभं राहून, मोठ्याने. लॅपटॉपसमोर ओठ न हलवता स्लाइड पुढे सरकवणं याला मी तालीम मानत नाही. मनातल्या मनात सगळेच वक्ते असतात. बायको, भाऊ, गच्चीवरची कुंडी, कोणीही समोर चालेल. दोनदा मोठ्याने बोललात की कळतं, की जे वाक्य कागदावर छान दिसत होतं ते एका श्वासात मावतच नाही.

नमनाला किती तेल?

माझ्या मते पुण्यातल्या ऑफिसांचा मोठा रोग हा आहे. कंपनीची स्थापना, प्लँटचा फोटो, अजेंडा, टीमची ओळख. ३८ पैकी नऊ स्लाइड यातच गेल्या होत्या. ज्यांच्यासमोर बोलायचं ते त्याच कंपनीत वीस वर्षं आहेत.

कीर्तनकाराकडून शिकण्यासारखं आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला बुवा एक अभंग निरूपणाला घेतात. मग दृष्टान्त येतात, उत्तररंगात आख्यान येतं, श्रोते हसतात, रडतात, आणि शेवटी बुवा त्याच अभंगावर येऊन थांबतात. तास-दीड तास कुठेही फिरून आले तरी श्रोत्याला घरी जाताना आजचा अभंग कोणता होता हे ठाऊक असतं. तुमचा अभंग कोणता, हे आधी एका ओळीत लिहा. 'साडेतीन लाख द्या, महिन्याचे चारशे नग वाचतील.' ही ओळ लिहिता येत नसेल तर स्लाइड उघडू नका. कीर्तनात आणि ऑफिसात फरक एवढाच की ऑफिसात श्रोता विसाव्या स्लाइडला उठून जातो. ओळ पहिल्या मिनिटातच सांगून टाका.

आपल्याला जे पाठ आहे ते समोरच्याला कळतच असेल, हाही एक चकवा आहे. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटनने लोकांना ओळखीची गाणी टेबलावर बोटांनी वाजवायला लावली. ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पेटी-तबल्यासकट गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. विषय तुम्हाला जितका जास्त माहीत, तितकी टकटक जास्त.

स्लाइडवर काय असावं?

थोडं. वाचणं आणि ऐकणं ही दोन्ही भाषेचीच कामं आहेत आणि ऐकणाऱ्याकडेही चारच बर्नर असतात. भिंतीवर दहा ओळी टाकल्यात की तो वाचायला लागतो आणि तुमचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं मागे चालू राहतं.

यातून काय घडू शकतं याचं एक दुःखद उदाहरण आहे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं. कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनिअरांनी धोक्याचा अंदाज नासासमोर स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर दिलासा देणारा होता. तळाशी, बारीक अक्षरांत, एक आकडा होता: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. सगळी भीती त्या ओळीत होती आणि ती ओळ शेवटची होती. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघात त्या स्लाइडने घडवला नाही, पण चौकशी मंडळाने अहवालात तिची दखल घेतली. ती वाचून हा जिवाशी गाठ असलेला मामला आहे हे वरिष्ठाच्या ध्यानात न येणं समजण्यासारखं आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

६४० पट हा मथळा व्हायला हवा होता. आपल्या रिव्ह्यूत कोणाचा जीव जात नाही, पण मुख्य आकडा चौतिसाव्या स्लाइडच्या तळाशी ठेवायची खोड तीच.

माझं इंग्रजी कच्चं आहे, त्याचं काय?

ही अडचण खरी आहे आणि 'कॉन्फिडन्स ठेवा' असं सांगून ती सुटत नाही. मनात मराठीत वाक्य करून ते भाषांतरित करत बोलणं म्हणजे एक अख्खा बर्नर कायमचा अडकवणं. म्हणून पाठ करायची ती दोन-तीन वाक्यं थेट इंग्रजीत पाठ करा. विषयातले पंधरा-वीस शब्द आणि सगळे आकडे तोंडाने म्हणून बघा. आकड्यांवर भलेभले अडखळतात. वाक्यं आखूड ठेवा, एका वाक्यात एक क्रियापद.

चाकण-रांजणगावच्या बऱ्याच कारखान्यांचे ग्राहक जर्मन किंवा जपानी असतात. इंग्रजी त्यांचीही परकीच भाषा आहे. त्यांना तुमचे उच्चार खटकत नाहीत, तुमचा वेग खटकतो. आणि समोर सगळे मराठीच असतील तर कृपा करून मराठीत बोला. 'फिक्स्चर', 'रिजेक्शन', 'सायकल टाइम' हे शब्द आहेत तसेच वापरा, कोणी भाषाशुद्धीचा दंड करत नाही.

ट्रेनिंगमध्ये सांगतात ते?

ऐसपैस, रुबाबदार पवित्रा दोन मिनिटं घ्या, हार्मोन बदलतात, असं सांगणारं संशोधन २०१० मध्ये आलं. नंतर मोठ्या प्रयोगांत हार्मोनचा तो परिणाम दिसला नाही आणि मूळ लेखकांपैकी एकीने २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. बोलण्यात शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, बाकी सगळा आवाजाचा आणि हावभावांचा, हे असंच दुसरं. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलंय आणि ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी ओळखतात एवढ्यापुरतेच होते. शब्द ७ टक्केच असते तर परकी भाषेतला सिनेमा आपल्याला ९३ टक्के कळला असता.

प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर?

"आत्ता आकडा नाही माझ्याकडे, चारपर्यंत मेल करतो" म्हणा आणि साडेतीनला मेल करा. लोकांना उत्तर न येण्याचा राग नसतो, गोल फिरवण्याचा असतो. प्रश्न पूर्ण ऐका, दोन सेकंद थांबा. ते दोन सेकंद तुम्हाला दोन मिनिटं वाटतील, समोरच्यांच्या ते लक्षातही येणार नाहीत. कोण काय विचारणार हे पुष्कळदा आधीच ठाऊक असतं. फायनान्सवाला पैसे परत कधी येतील हेच विचारतो, वर्षानुवर्षं. त्याचं उत्तर खिशात हवं.

काम बोललं पाहिजे, माणूस कशाला?

हे मला आमच्या टूलरूममधले एक जुने काका नेहमी ऐकवतात. त्यांचा राग मला समजतो. गोड बोलून बढती घेणारे त्यांनी खूप पाहिलेत, मीही पाहिलेत. पण काकांनी केलेलं फिक्स्चर मशिनवर चढायला आधी कोणीतरी त्याचे पैसे मंजूर करून घ्यावे लागतात, आणि ब्रॅकेट स्वतः उठून प्लँट हेडच्या केबिनमध्ये जात नाही.

तो मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा उभा राहिला. स्लाइड सहा. पण सुरुवात स्लाइडने केलीच नाही. खिशातून दोन ब्रॅकेट काढली, एक सुलटं भोक पडलेलं, एक उलटं, आणि प्लँट हेडच्या हातात दिली. "सर, यातलं दुसरं आपण महिन्याला चारशे वेळा करतो. साडेतीन लाख मिळाले तर करणार नाही." ब्रॅकेट टेबलाभोवती फिरलं. फायनान्सवाल्याने अपेक्षित प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळालं. दुसरा एक प्रश्न आला त्याचं उत्तर नव्हतं, ते चारपर्यंत पाठवायचं ठरलं. एकूण अकरा मिनिटं.

बाहेर आल्यावर त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "सर, खरं सांगा, पाय लटपटत होते ते दिसलं का?"

मी त्याच्या अगदी शेजारी बसलो होतो. मला काही दिसलं नव्हतं.